खालचा सा

नागपुरातल्या बऱ्याच घरांमधल्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा डावा कोपर आहे. कधी कोपर आणि अर्धा कूलर, कधी कोपर आणि नवरीच्या मामीचा पदर. एका अल्बममध्ये मी जवळजवळ पूर्ण आले होते, पण छापताना फोटोग्राफरने नेमकी माझ्या चेहऱ्यावर बदाम काढून नवरा-नवरीची नावं टाकली. माझी तक्रार नाही. कोणी बघत नाही म्हणूनच मी या कामात टिकले.

मी लग्नात बास गिटार वाजवते. नुसतं ‘गिटार’ म्हटलं तर लोक लगेच एखादं गाणं वाजवून दाखवायला सांगतात. मग मला समजावून सांगावं लागतं की बास एकट्याने वाजवली, तर वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवतंय असं वाटतं. तिला चार जाड तारा असतात, सूर खर्जातले असतात. गाण्यात ती सहसा ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र गाण्याखालची चटई काढून घेतल्यासारखं होतं आणि कुठे काय बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही. शांत स्वभावाच्या मुलीसाठी याहून बरं वाद्य मला सापडलं नसतं. खरं म्हणजे मी ते शोधलंही नव्हतं. बारावीनंतर सदर बाजारातल्या एका दुकानात मी साधी गिटार घ्यायला गेले होते. दुकानदाराने खूप दिवस न विकली गेलेली एक बास पुढे केली आणि म्हणाला, “ये लो, इसमें दो तार कम है, जल्दी सीख जाओगी.” नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. ते मला जमलं नाही, म्हणून मी बास गिटारवादक झाले.

अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. विजेवर चालणारी बास त्याच्याशिवाय डासाइतकीच वाजते. पण तिचं एक टोक लाकडी कपाटाला टेकवलं तर पूर्ण कपाट वाजू लागतं, हे मला अपघाताने कळलं. मी दार लावून, कपाटाला चिकटून, तासन्‌तास बसायचे. आईला बरेच दिवस वाटत होतं की कपाटात उंदीर शिरलेत. एकदा तिने सगळ्या साड्या काढून, झटकून परत ठेवल्या. मी बाजूला बसून मदत करत होते. तरी खरं काय ते सांगितलं नाही.

कपाटाला चिकटून मी जे ऐकत होते त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. आपली बहुतेक गाणी चार-चार मोजून चालतात. पाय आपोआप हलतो, टाळी आपोआप पडते. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्या लोकांना हे आपोआप होणं आवडत नाही. ते सात मोजतात, पाच मोजतात. झोपाळा पुढे जाताना चार अंक व्हावेत आणि मागे येताना तीनच, तसं ते लागतं. पोटात एक छोटासा खड्डा पडतो आणि तेवढ्यात झोपाळा परत पुढे निघालेला असतो. इथे ताल जाणणारे वाचक म्हणतील, हा तर आपला रूपक. मला आजवर भेटलेल्या प्रत्येक काकांनी हेच सांगितलंय आणि ते बरोबरच आहे. फरक इतकाच, की रूपक सुरू झाला की सातावर इमानदारीने राहतो. ही मंडळी एक ओळ सातात घेतील, पुढची आठात, तिसरी पाचात, आणि आता तुम्हाला पटलं असं वाटलं की परत सातात. प्रत्येक ओळ नव्याने मोजावी लागते. मला मोजायला आवडायचं. मोजणाऱ्या माणसाशी कोणी बोलायला येत नाही.

कॉलेजात तीन मुलं आणि मी असा आमचा बँड होता. आम्ही एकदाच लोकांसमोर वाजवलं, गॅदरिंगमध्ये. आमची रचना सातात होती. मुलांनी उत्साहाने टाळ्या धरल्या त्या अर्थातच चारात. थोड्याच वेळात टाळ्या एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे अशी अवस्था झाली. सभागृहाला वाटलं आमचं चुकतंय, आम्हाला वाटलं सभागृहाचं. संपल्यावर निवेदिका माइकवर म्हणाली, “साउंड चेकबद्दल धन्यवाद. आता आपण कार्यक्रमाला सुरुवात करूया.” त्यानंतर मुलं नोकऱ्यांसाठी पुण्या-बंगळुरूला गेली. मी, माझी बास आणि कपाट नागपुरात राहिलो.

लग्नाच्या कामात मला सुधाकरकाकांनी आणलं. काका कीबोर्ड वाजवतात आणि मंगलाष्टकांचा एक ग्रुप चालवतात. त्यांच्या डाव्या हाताची बोटं सुन्न पडायला लागली होती. कीबोर्डवर खालचे सूर डाव्या हाताने वाजतात. म्हणजे काकांना बास गिटार नको होती, डावा हात हवा होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. काका घरी आले, माझं वाजवणं ऐकलं आणि विचारलं, “तू मध्ये मध्ये एक मात्रा खाते का पोरी?”

“नाही काका, ते सातात आहे.”

“बरं. लग्नात नको खाऊ. लग्नात लोक जेवायलेच आलेले असतात.”

आमच्यात तिसरे बंटीभाऊ. ते ऑक्टोपॅड वाजवतात, म्हणजे काठीने मारायच्या आठ चौकोनांतून ढोलकीपासून सनईपर्यंत सगळं काढतात. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आहेत, तरी मला मॅडम म्हणतात, कारण पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी घाबरून इंग्रजीत बोलले होते.

ज्यांनी मराठी लग्न पाहिलेलं नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नवरा-नवरी समोरासमोर उभे असतात, मध्ये कापडाचा अंतरपाट धरलेला असतो. मंगलाष्टकं म्हटली जातात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ येतं आणि लोक अक्षता टाकतात. पुढचे लोक टाकतात, मागचे फेकतात. मागच्यांच्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचत नाहीत, माझ्यापर्यंत पोचतात. दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या बासच्या पिशवीतून लाल-पिवळे तांदूळ निघतात, आई ते चिमण्यांना घालते. तर शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली येतो, हार पडतात, आणि बाहेर उभे असलेले बँडवाले एकदम सुरू होतात.

गडबड या शेवटात आहे. गुरुजींच्या कडव्यांमध्ये घरच्या बायकांची कडवी असतात. मावशीने, काकूने, आत्याने स्वतः जुळवलेली, दोन्ही घरच्यांची नावं गुंफलेली. नवरीकडच्यांनी एक म्हटलं की नवऱ्याकडच्यांना दोन आठवतात. त्यामुळे शेवटचं कडवं कुठलं, हे शेवटपर्यंत नक्की नसतं. आणि बँडवाले असतात लॉनच्या फाटकाजवळ, त्यांना मांडवातलं काही दिसत नाही. एकदा खापा गावातल्या एका लग्नात ते एक कडवं आधीच सुरू झाले होते. अंतरपाट पडला, हार पडले, आणि नवरदेवाचे मामा तोंड उघडून तसेच उभे राहिले. मामांचं कडवं राहिलं. मामा जेवले नाहीत. काका सांगतात, ते मामा अजून त्यांना बाजारात ओळख देत नाहीत.

त्यानंतर काकांनी एक रीत पाडली. मधल्या प्रत्येक ‘सावधान’ला खालचे सूर पंचमावर अधांतरी ठेवायचे. शेवटच्या ‘सावधान’लाच, फक्त तेव्हाच, अगदी खालचा सा द्यायचा. तो ऐकला की आता सगळं घरी आलं असं कोणालाही वाटतं, संगीत कळत असो वा नसो. शहरातल्या बहुतेक बँडवाल्यांना काकांची ही खूण माहीत आहे. अंतरपाट धरणारेही आमच्याकडे कान ठेवून असतात. मी आले तेव्हा हे काम काकांच्या डाव्या हाताकडून माझ्याकडे आलं. म्हणजे ज्या मुलीला कोणी ओळखत नाही, जिने रिक्षावाल्याला ‘इथेच थांबवा’ म्हणायचं धाडस न झाल्यामुळे चौक चौक पुढे जाऊन चालत परत यावं, ती वाजवत नाही तोवर नागपुरात लग्न लागत नव्हतं. याची मला एवढी भीती वाटायची की पहिल्या हंगामात मी प्रत्येक लग्नाच्या आधी उपास केल्यासारखी उपाशी असायचे.

दुसरं काम त्याहून वाईट होतं. लग्नाच्या आधी कडवं म्हणणाऱ्या बायकांना फोन करायचा, त्यांच्याकडून थोडं म्हणवून घ्यायचं आणि त्यांचा सूर टिपून ठेवायचा. मी काकांना विनवलं की मी मेसेज करते. काका म्हणाले, “मेसेजमधून सूर येते का?”

कुहीच्या कमलआत्यांना मी अशी पहिल्यांदा फोनवर भेटले. पल्लवी नावाच्या मुलीचं लग्न होतं, कमलआत्या तिची आत्या. फोन उचलल्यावर आधी म्हैस ओरडली, मग आत्या.

“कोण बोलून राहिलं?”

“मी मंगलाष्टकांच्या ग्रुपमधून बोलते आहे. तुमचा सूर घ्यायचा होता. तुम्ही कुठल्या सुरात गाता?”

“एकाच सुरात गातो वं. दुसरा येते कुठं मले!”

मग त्यांनी म्हटलं. मी फोन कानापासून दूर केला आणि परत जवळ आणला. लग्नातल्या बायका सहसा उंच गातात, ताणून, शिरा फुगवून. आत्यांचा आवाज खाली होता. विहिरीत उतरून बोलल्यासारखा, जाड आणि स्थिर. माझ्या बासच्या वरच्या दोन तारा आणि हा आवाज शेजारी-शेजारी राहत होते.

“छान आहे,” मी म्हणाले. मराठीत कौतुक करायला माझ्याकडे एवढाच शब्द आहे.

“छान? शाळेत बाई म्हणे, कमल, तू मांगं उभी राहय आन् नुसते ओठ हालव. प्रार्थना खराब होते म्हणे.” आत्या हसल्या. “थे काहून सांगून राहिली तुले, माहीत नाही. तू चांगली ऐकून घेते.”

मी ऐकून घेत नव्हते, मला बोलायला सुचत नव्हतं. पण लोकांना त्यातला फरक कळत नाही आणि मी कधी कळू देत नाही.

नंतर त्याच फोन करू लागल्या. कडवं बदललं की फोन. सासरच्या कोणाचं नाव राहिलं की फोन. खरं तर मंगलाष्टक ज्या वृत्तात असतं त्याची ओळ मोजून एकोणीस अक्षरांची, बारा आणि सात अशी तुटणारी. बारा आणि सात! हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून सांगितलं. आई म्हणाली, भाजी लागतेय. आत्यांनी हे वृत्त फक्त पहिल्या ओळीला पाळलं होतं. पुढे जशी नावं येत गेली तशी ओळ लांबत गेली. एका ओळीत नवरदेवाची आजी, दोन काका आणि उमरेडचे आतोबा बसवल्यामुळे ती संपायचं नाव घेत नव्हती.

“आत्या, तिसऱ्या ओळीतली काही नावं काढायची का?”

“कोणाले काढू? तूच सांग. उमरेडवाल्याले काढलं त थो मांडवात फुगून बसते.”

मी कोणालाच काढलं नाही. माझ्याकडून तेवढं होत नाही.

एका फोनमध्ये त्यांनी सहज सांगितलं की त्या मांडवात कधी म्हणाल्याच नाहीत. मोठ्या भाच्याच्या लग्नात वरात उशिरा आली. दुसऱ्याच्या लग्नात नवरीकडच्यांनीच इतकी कडवी म्हटली की मुहूर्त आला. दोन्ही वेळा त्या पायरीपाशी उभ्या होत्या, तयारीत. “आता पल्लवीच शेवटची हाय आमच्या घरची,” त्या म्हणाल्या. “यावक्ती बाजाबरोबर म्हणतो. तू हायसच.”

मी ‘हो’ म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कोणालातरी कसलातरी शब्द दिला आहे. मला त्याची सवय नाही.

लग्न उमरेड रोडवरच्या एका लॉनवर होतं, मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. नागपुरात मे महिन्यात लॉनवर लग्न म्हणजे स्टेजच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे मोठाले कूलर, आणि वादकांची जागा कूलरच्या मागे, जिथे हवा येत नाही आणि घरघर येते. ती घरघर नेमकी माझ्या सुरांच्या पट्ट्यात असते. एकदा तर मी ट्यूनरऐवजी चुकून कूलरशी तार जुळवली होती आणि अर्धं लग्न कूलरच्या पट्टीत वाजवलं होतं. काकांना शेवटपर्यंत कीबोर्डचाच संशय आला.

पल्लवीचा भाऊ सागर सगळं सांभाळत होता. कानात फोन, हातात फोन. वरात यायला उशीर झाला, कारण नवरदेवाच्या मित्रांना फाटकापासून स्टेजपर्यंतच्या अंतरात आयुष्यभराचं नाचून घ्यायचं होतं. ते आले तेव्हा उजेड उतरू लागला होता. गुरुजी घड्याळ बघत होते. नवरदेवाच्या काकूंनी एक कडवं म्हटलं, मावशीने एक म्हटलं, मामांनी दोन म्हटली. मी प्रत्येक ‘सावधान’ला पंचमावर थांबत होते. आत्या स्टेजच्या पायरीपाशी उभ्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मला त्या उंच वाटल्या होत्या, होत्या माझ्या खांद्याएवढ्या. हिरवी नऊवारी, हातात काही नाही. सगळी नावं पाठ होती.

मामांचं झाल्यावर सागर आमच्याजवळ आला.

“काका, आता संपवा. ड्रोनवाल्याला अंधाराच्या आधी वरमालेचा शॉट पायजे.”

“आत्याबाईंचं आहे ना एक?” काकांनी विचारलं.

“ते राहू द्या. आत्या समजून घेते.”

तो पायरीपाशी गेला, आत्यांच्या कानाशी काही बोलला. आत्यांनी मान हलवली, समजूतदारपणे, तिसऱ्यांदा. पदर सारखा केला आणि एक पाऊल मागे झाल्या. काकांनी माझ्याकडे बघून भुवई खाली केली. म्हणजे हे शेवटचं, सा दे.

गुरुजींनी शेवटचं संस्कृत कडवं म्हटलं. मी त्यांच्याबरोबर गेले. ‘सावधान’ आलं. अक्षता पडल्या. माझ्या डाव्या हाताचं बोट खालच्या सा वर होतंच, फक्त उजव्या हाताने तार छेडायची होती. बोट सरकलं. मी पंचम छेडला.

त्या क्षणी मी काही शूरपणा करतेय असं मला अजिबात वाटलं नाही. मला वाटलं हात चुकला. पण हात इतका सावकाश चुकत नाही. बासचा आवाज विरत जातो, म्हणून सूर धरून ठेवायचा तर तार परत परत छेडावी लागते. मी परत पंचम छेडला. मग परत. अंतरपाट धरणारे दोघे काकांकडे बघू लागले. लोकांनी आणखी अक्षता घेऊन हात तयार ठेवले. फाटकाकडे नजर गेली तर बँडवाल्यांचा तुतारीवाला ओठ लावून, गाल फुगवून वाट बघत होता.

“मॅडम,” बंटीभाऊ तोंड न हलवता म्हणाले, “काय करून राहिल्या? उतरा ना खाली.”

मी पंचम छेडला.

“अवो मॅडम, थो तुतारीवाला मरून जाईल.”

काका कीबोर्डवरून माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ प्रश्न होता. उत्तर द्यावंच लागणार होतं. मी त्यांच्याकडे झुकून अगदी हळू म्हणाले, “आत्या राहिल्या.”

काकांच्या तोंडासमोर माइक असतो हे मी विसरले होते. ‘आत्या राहिल्या’ हे शब्द दोन्ही मोठ्या स्पीकरमधून, फाटकापासून भटारखान्यापर्यंत, माझ्या आवाजात गेले. आपला आवाज एवढा मोठा ऐकण्याची माझी ती पहिली वेळ. मला तो कोणा दुसऱ्याच, जरा उद्धट मुलीचा वाटला.

कोणीतरी हसलं. सागर माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू कूलर बोलला. आणि अंतरपाटाच्या मागून पल्लवी म्हणाली, “हो ना! माही आत्या राहिली. दादा, आत्याले बोलव!”

गुरुजींनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं. “मुहूर्त आहे अजून,” ते म्हणाले. “म्हणा बाई, म्हणा. पण लवकर.”

आत्या स्टेजवर आल्या. कोणी त्यांच्या हातात माइक दिला, तो त्यांनी आधी पेल्यासारखा धरला. काकांनी सूर खाली घेतला. आत्यांनी सुरुवात केली.

पहिली ओळ बारा आणि सात, व्यवस्थित गेली. मांडवात थोडी कुजबूज झाली, आवाज ऐकून. दुसऱ्या ओळीपासून वृत्त संपलं. फोनवर त्या जिथे थांबत होत्या तिथे थांबल्या नाहीत, जिथे थांबत नव्हत्या तिथे श्वास घेतला. काकांचा उजवा हात एक-दोनदा पुढे गेला, मागे आला, आणि मग त्यांनी तो मांडीवर ठेवून दिला. खाली मीच राहिले. मी मोजायला लागले. सात, पाच, परत सात. आत्यांचा उजवा खांदा श्वासाच्या आधी किंचित वर येत होता. तो वर आला की ओळीचा तुकडा संपणार. आठ. पाच. तिसऱ्या ओळीत उमरेडचे आतोबा आले, ओळ नऊवर गेली, अकरावर गेली, तरी संपेना. आतोबा पहिल्या रांगेत फुललेले मला दिसले. वर्षानुवर्षं कपाटाला चिकटून जे मी कोणासाठीच शिकत नव्हते ते सगळं मला तेव्हा लागलं, आणि तरी दोन ठिकाणी मी उशिरा पोचले. कोणाला कळलं नाही. बासचा तो फायदा आहे.

चौथ्या ओळीत पल्लवीचं नाव होतं. ते येताना आवाज थोडा हलला. त्या थांबल्या. किती वेळ थांबल्या ते मला मोजता आलं नाही, मी मोजत नव्हते. मग त्यांनी नाव पुरं केलं, ओळ पुरी केली, आणि ‘सावधान’ म्हणताना नवरा-नवरीकडे न बघता वळून कूलरच्या मागे बघितलं, मी कुठे आहे ते शोधत.

मी खालचा सा दिला.

अंतरपाट पडला. तुतारीवाल्याने इतका वेळ साठवलेली सगळी हवा एकदम सोडली. ड्रोनवाल्याला शॉट मिळाला, जरा काळपट. सागर नंतर आमच्याकडे फिरकला नाही.

सामान बांधताना काका खाली मान घालून वायर गुंडाळत होते. मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधत होते.

“तिसऱ्या ओळीत तू कुठं होती?” शेवटी त्यांनी विचारलं.

“आत्यांबरोबर.”

“आन् मी कुठं होतो?”

“मला नाही माहीत काका.”

“मलेही नाही.” त्यांनी वायर पेटीत टाकली. “पुन्हा थांबायचं असलं त आधी सांगत जा. मी खुर्चीवर नीट बसतो.”

बंटीभाऊ म्हणाले, “आन् माइक बंद करत जा मॅडम. लोक मले विचारून राहिले, कूलरच्या मांगं कोण बोललं म्हणून.”

जेवणाच्या मांडवात मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातली खुर्ची धरली होती. आत्या ताट घेऊन तिथे आल्या आणि समोर बसल्या. त्यांनी त्यांच्या ताटातला एक वडा माझ्या ताटात ठेवला.

“खरं सांग वं,” त्या म्हणाल्या, “चुकलं का माहं?”

मी खरं सांगितलं. “तिसरी ओळ लांबली. दुसरीत दोन जागा फोनवर म्हणालात तशा नव्हत्या.”

“मंग तू कशी आली माह्या मांगं?”

“तुमचा खांदा बघून.”

त्यांनी स्वतःच्या खांद्याकडे बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. “पुढच्या वक्ती सरळ म्हणतो,” त्या म्हणाल्या.

“पण तुमच्या घरचं हे शेवटचं लग्न होतं ना?”

“आमच्या घरचं झालं. तुहं कुठं झालं अजून?”

हा प्रश्न मला लग्नाच्या प्रत्येक मांडवात कोणीतरी विचारतंच, आणि त्यावर मी हसून पाणी आणायला जाते. या वेळी उठले नाही. म्हणाले, “माझ्या लग्नात मी अंतरपाटाच्या मागे असेन आत्या. मग खालचा सा कोण देईल?”

आत्यांनी यावर नीट विचार केला. वड्याचा एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या.

“नाही दिला त नाही दिला,” त्या म्हणाल्या. “अंतरपाट पडत नाही तोवर मी म्हणतच राहीन. दोन कडवे अजून हायेत माह्यापाशी.”